प्राणवायूचा सट्टा आणि कामगाराची पुंजी

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात जबलपूर शहरात रुग्णांचे नातेवाईक रिकामी सिलिंडरे घेऊन दारोदार हिंडत होते. २२ एप्रिलच्या रात्री शहरातील एका खासगी रुग्णालयातील प्राणवायूचा साठा संपला आणि पाच रुग्ण गुदमरून मरण पावले. त्याच आठवड्याच्या सोमवारी, १९ एप्रिल रोजी, मुंबईच्या शेअरबाजारात बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा एकेक शेअर २४ हजार ५७४ रुपयांवर जाऊन पोहोचला होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याची किंमत याच्या निम्म्याहूनही कमी होती. बाजार उघडावा, शेअरने दिवसाच्या चढीची कमाल मर्यादा गाठावी आणि व्यवहार थांबावेत. विकणारा कोणी नाही, घेणारे मात्र रांगेत, असा प्रकार चालला होता. जबलपूरला सिलिंडरसाठी रांग आणि दलाल स्ट्रीटवर सिलिंडरच्या नावासाठी रांग!

‘नावासाठी’ असे म्हणण्याचे कारण आहे. ही कंपनी प्राणवायू तयारच करत नव्हती. १९६० साली स्थापन झालेल्या बॉम्बे ऑक्सिजन कॉर्पोरेशनने २०१८ च्या ऑक्टोबरात आपले नाव बदलले, १ ऑगस्ट २०१९ पासून औद्योगिक वायूंचा धंदा बंद केला, आणि त्यानंतर इतर कंपन्यांचे शेअर व म्युच्युअल फंड यांत पैसे गुंतवून त्यावर मिळणारे उत्पन्न हाच तिचा धंदा झाला. हे काही गुपित नव्हते. कंपनीच्या स्वतःच्या माहितीपत्रकात ते छापलेले होते आणि वाचता येणाऱ्या कोणालाही ते वाचता आले असते. तरीही बाजार वेडापिसा होऊन धावला. भगवती ऑक्सिजन, नॅशनल ऑक्सिजन, लिंडे इंडिया यांचेही भाव त्या दिवसांत उसळले. त्या कंपन्या निदान वायूच्या धंद्यात तरी होत्या. बॉम्बे ऑक्सिजनजवळ फक्त पाटीवरचे अक्षर उरले होते.

भांडवलशाही वृत्तपत्रांनी ही हकिकत ‘बाजारातील गंमत’ म्हणून आतल्या पानावर छापली आणि सोडून दिली. तिच्यात गमतीचे काय आहे हे पाहण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. या कंपनीचे एकूण शेअर दीड लाख. तीन आठवड्यांत प्रत्येक शेअरमागे तेरा-चौदा हजार रुपयांची वाढ, म्हणजे कंपनीची बाजारातील किंमत सुमारे २०० कोटी रुपयांनी फुगली. आता दुसरा आकडा. केंद्र सरकारने २०२० च्या ऑक्टोबरात देशभरच्या सरकारी रुग्णालयांत प्राणवायू निर्माण करणारी १६२ संयंत्रे उभारण्यासाठी निविदा काढल्या. या सगळ्या संयंत्रांचा एकत्रित खर्च होता २०१ कोटी ५८ लाख रुपये. सहा महिने उलटल्यावर, १८ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे शेअरच्या विक्रमाच्या आदल्या दिवशी, आरोग्य मंत्रालयाने स्वतः कबूल केले की १६२ पैकी ३३ संयंत्रे बसली आहेत.

अस्तित्वात नसलेल्या प्राणवायूवर बाजाराने तीन आठवड्यांत जो आकडा चढवला, जवळजवळ त्याच आकड्यात १६२ रुग्णालयांचा खरा प्राणवायू येत होता. आणि तो सहा महिन्यांत आला नाही.

यावर भांडवलदारी अर्थशास्त्राचे भाट तत्काळ उत्तर देतील की ही तुलनाच चुकीची आहे. ते २०० कोटी कोणाच्या खिशात रोख स्वरूपात नव्हते. मोजके शेअर हस्तांतरित झाले आणि त्या भावाने उरलेल्या सर्व शेअरांची किंमत कागदावर मोजली गेली. त्यातून संयंत्रे उभी राहिली नसती. अगदी बरोबर! हीच तर मूळ तक्रार आहे. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात ज्याला आभासी भांडवल म्हटले ते हेच. एंगल्सने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या त्या खंडाला आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पण त्यातील हे प्रकरण समजावून सांगायला एप्रिल २०२१ इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. शेअर हा भविष्यातील नफ्यावरील हक्काचा कागद. त्या कागदाची किंमत कारखान्यातील यंत्रांपासून आणि कामगारांच्या श्रमापासून सुटी होऊन स्वतःच्या चालीने चालू लागते, आणि येथे तर ती इतकी सुटी झाली की मागे कारखानाच नव्हता.

नवे भांडवल कोठे जाते?

शेअरबाजाराच्या समर्थनार्थ सर्वांत जास्त वेळा सांगितला जाणारा मुद्दा असा की बाजार जनतेची विखुरलेली बचत गोळा करून ती नव्या उद्योगांकडे, नव्या औषधांकडे, नव्या वैद्यकीय यंत्रांकडे वळवतो. छोट्या माणसाने शेअर घेतला म्हणजे तो वैद्यकीय प्रगतीचा भागीदार झाला. हा मुद्दा वरकरणी पटण्याजोगा आहे आणि पुष्कळ प्रामाणिक माणसांना तो पटतो, म्हणून त्याचा विचार सावकाश करणे भाग आहे.

एकाने घेतलेला शेअर दुसऱ्याला विकणे हा बाजारातील रोजचा व्यवहार. त्यात कंपनीकडे एक पैसाही जात नाही. विकणाऱ्याला पैसे मिळतात, घेणाऱ्याला कागद मिळतो, मधल्या दलालाला दलाली आणि सरकारला कर मिळतो. १९ एप्रिल २०२१ रोजी ज्याने २४ हजारांनी शेअर घेतला त्याच्या पैशाने एक सिलिंडरही भरले गेले नाही. ते पैसे आदल्या धन्याच्या खात्यावर गेले. उद्योगाला भांडवल मिळते ते नवे शेअर प्रथमच विक्रीला काढले जातात तेव्हा. पण तेथेही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

गेल्या दशकात रोगनिदान करणाऱ्या प्रयोगशाळांच्या तीन मोठ्या कंपन्या बाजारात आल्या. डॉ. लाल पॅथलॅब्स २०१५ च्या डिसेंबरात, थायरोकेअर २०१६ मध्ये, मेट्रोपोलिस हेल्थकेअर २०१९ च्या एप्रिलमध्ये. तिन्हींची विक्री मिळून दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेली. तिन्ही वेळा वृत्तपत्रांनी ‘आरोग्य क्षेत्रात नव्या भांडवलाचा ओघ’ अशी हाकाटी केली. प्रत्यक्षात तिन्ही विक्रींत कंपनीने नवा शेअर एकही काढला नव्हता. जुन्या मालकांनी आणि त्यांच्यात पूर्वी पैसे घातलेल्या परदेशी व देशी गुंतवणूक संस्थांनी आपले शेअर जनतेला विकले व रोकड घेऊन ते बाजूला झाले. या दोन हजार कोटींतून नवी प्रयोगशाळा नाही, नवे यंत्र नाही, रक्त तपासणाऱ्या एका तंत्रज्ञाचा पगार नाही. जनतेची बचत वळली ती थैलीशहांच्या निर्गमनाकडे. हे सारे कायद्याला धरून होते आणि माहितीपत्रकात लिहिलेलेही होते. बेकायदा कृत्यांपेक्षा ही कायदेशीर कृत्येच व्यवस्थेचा स्वभाव अधिक स्पष्ट करतात.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. २०२१ साली साथीच्या तेजीत औषधे घरपोच पाठवणाऱ्या फार्मइझीच्या मालक कंपनीने थायरोकेअरचे ६६ टक्के शेअर ४,५४६ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला, आणि त्या पैशाचा मोठा भाग कर्जाचा होता. त्याच वर्षी तिने जनतेकडून ६,२५० कोटी गोळा करण्याचा अर्ज सेबीकडे दिला. तेजी ओसरली, २०२२ मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला आणि २०२३ मध्ये कर्ज फेडण्यासाठी तिने आपल्याच जुन्या भागधारकांना पूर्वीच्या किमतीच्या एक-दशांश किमतीने शेअर देऊ केले. अर्ज वर्षभर आधी पुढे सरकला असता तर ही नव्वद टक्क्यांची घसरण कोणाच्या पदरात पडली असती, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही.

साथ म्हणजे सुगी

रोग ही भांडवलशाहीत बाजारपेठ असते. शेअरबाजारात ती बातमी होते, आणि बातमीला भाव असतो. २० जून २०२० रोजी ग्लेनमार्क कंपनीने फॅबिफ्लू या गोळ्यांना परवानगी मिळाल्याचे जाहीर केले. एका गोळीची किंमत १०३ रुपये. चौदा दिवसांच्या पूर्ण उपचाराला १२२ गोळ्या, म्हणजे साडेबारा हजार रुपये. त्या काळात देशात कोट्यवधी मजुरांचे काम सुटलेले होते. सोमवारी, २२ जूनला, बाजार उघडताच या कंपनीचा शेअर दिवसभरात ४० टक्क्यांपर्यंत चढला. औषध किती गुणकारी आहे याचा पुरावा तोवर पुरेसा जमा झालेला नव्हता. बाजाराला पुराव्याची गरज नव्हती. पुढच्याच महिन्यात खासदार डॉ. अमोल कोल्हे यांच्या तक्रारीवरून औषध नियंत्रकांनी कंपनीकडे तिच्या दाव्यांबद्दल व किमतीबद्दल खुलासा मागितला आणि गोळीची किंमत ७५ रुपयांवर आली. ज्यांनी सोमवारी सकाळी विकले त्यांचे काम तोवर झाले होते.

रेमडेसिविरची हकिकत जबलपूरकरांना वेगळी सांगायला नको. या औषधाने जीव वाचतो असे दिसत नाही, म्हणून रुग्णालयातील रुग्णांना ते देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरातच दिला होता. तरीही २०२१ च्या वसंतात डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर तेच औषध, औषधी दुकानांपुढे तीच झुंबड आणि काळ्याबाजारात तीच कुपी. जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयात गुजरातेतून आलेल्या बनावट कुप्या रुग्णांना टोचल्याचा आरोप ठेवून मे २०२१ मध्ये त्या रुग्णालयाच्या संचालकाला राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले. कुप्यांत मीठ आणि ग्लुकोज होते असे तपासात निघाले. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी यात दुमत नाही. परंतु कुपीवर औषधाचे नाव आणि आत मीठ, तसे कंपनीवर ऑक्सिजनचे नाव आणि आत म्युच्युअल फंड. पहिल्या प्रकाराला तुरुंग आणि दुसऱ्याला ‘गुंतवणूकदारांचा उत्साह’ हे नाव, एवढाच कायद्याच्या लेखी फरक.

सरकारचे वर्तन या सर्व काळात कसे होते? २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी उत्तर दिले की प्राणवायूच्या अभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी केंद्राकडे केलेली नाही. जबलपूरचे मृत्यू त्या नोंदीत नाहीत. प्राणवायूच्या अभावी मेलेला माणूस सरकारी कागदावर अस्तित्वात नव्हता आणि प्राणवायू न बनवणारी कंपनी बाजाराच्या कागदावर कोट्यवधींची होती!

परदेशांतही हीच रीत आहे. अमेरिकेत थेरानोस नावाच्या कंपनीने बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून शेकडो तपासण्या करण्याचा दावा केला, तिची किंमत नऊ अब्ज डॉलरपर्यंत नेण्यात आली, आणि २०१५ मध्ये यंत्र काम करत नसल्याचे उघडकीस आले. तिच्या संस्थापिकेला २०२२ मध्ये अकरा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. श्रीमंत भागधारकांना फसवल्याबद्दल ती दोषी ठरली, रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून मात्र सुटली. अमेरिकन न्यायाची ही वर्गीय तराजू लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे बंगळूरच्या ऑप्टो सर्किट्सचे उदाहरण आहे. हृदयाच्या आजारांवरील यंत्रे व स्टेंट बनवणारी ही कंपनी २०१० च्या सुमारास छोट्या गुंतवणूकदारांची लाडकी होती. तिने जर्मनीतील स्टेंट कंपनी घेतली, अमेरिकेतील कार्डियाक सायन्स घेतली, बोनस शेअर वाटले, तीनशे रुपयांच्या आसपास भाव खेळवला. कर्जाचा डोंगर वाढत गेला. २०१५ मध्ये कार्डियाक सायन्सचे अमेरिकेत दिवाळे निघाले आणि २०२० मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. शेअर तोवर काही रुपयांवर आला होता. येथे कंपनी खोटी नव्हती, कारखाना होता, कामगार होते, कुशल अभियंते होते. सट्ट्याने फक्त भाव फुगवला असे नाही. फुगलेल्या भावाच्या भरवशावर कंपनी वाढत गेली आणि भाव गेल्यावर चांगले काम करणारी माणसेही रस्त्यावर आली. वैद्यकीय यंत्र बनवण्याचे कौशल्य या देशात दुर्मीळ आहे, आणि ते असे उधळले गेले.

कारखान्याच्या दारात

या सर्वाचा पक्षाच्या कामाशी संबंध काय, असे एखादा सभासद विचारील. संबंध थेट आहे, आणि तो पाहायला जबलपूरच्या आयुध निर्माण्यांच्या दाराशी उभे राहावे.

१९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धात उभी राहिलेली खमरियाची आयुध निर्माणी, १९६९ चा वाहन कारखाना, यांत कामगारांच्या पिढ्या घडल्या. विदर्भातून व महाराष्ट्रातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. आजोबांनी लढून मिळवलेली नोकरी, वडिलांना मिळालेले निवृत्तिवेतन, असा तेथला क्रम होता. आज पाळी सुटल्यावर तरुण कामगाराच्या हातात मोबाइल असतो आणि त्यात औषध कंपनीचा, रुग्णालय कंपनीचा, एखाद्या न ऐकलेल्या यंत्र कंपनीचा भाव असतो. चहाच्या टपरीवर पूर्वी महागाई भत्त्याची चर्चा चाले. आता कोणता शेअर दुप्पट होणार याचीही चालते. ही एकट्या जबलपूरची गोष्ट नाही. २०२० च्या मार्चमध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. २०२४ च्या मार्चपर्यंत ती पंधरा कोटींवर गेली.

या तरुणाला लोभी म्हणून झिडकारणे सोपे आहे, आणि काही जुने कार्यकर्ते तसे करतातही. ते चूक आहे. त्याला बाजारात कोणी ढकलले हे आधी पाहिले पाहिजे. १ जानेवारी २००४ नंतर केंद्र सरकारच्या नागरी सेवेत, संरक्षण कारखान्यांसह, जो भरती झाला त्याचे निश्चित निवृत्तिवेतन सरकारने काढून घेतले आणि त्याच्या म्हातारपणाचा एक हिस्सा शेअरबाजाराच्या चढउताराला बांधला. २०१५ च्या ऑगस्टपासून भविष्यनिर्वाह निधीचा पैसाही शेअरबाजारात जाऊ लागला. प्रथम नव्या ठेवीच्या ५ टक्के, पुढे १५ टक्के. मग १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळच विसर्जित करून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले, आणि कामगारांनी संप करू नये म्हणून त्याआधी अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा करण्यात आला. सत्तर हजारांहून अधिक कामगार एका रात्रीत कंपनीच्या दारात उभे राहिले. उद्याची शाश्वती काढून घ्यायची आणि मग तोच माणूस नशिबाची सोडत काढू लागला की त्याला लोभी म्हणायचे, ही नीती भांडवलदारांची आहे. कामगार चळवळीने ती उसनी घेऊ नये.

मात्र त्याला खरे सांगितलेच पाहिजे, आणि खरे सांगायला सेबीचेच आकडे पुरेसे आहेत. २०२४ च्या जुलैत सेबीने जाहीर केले की शेअर घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्या व्यक्तींपैकी दहातील सात जण २०२२-२३ मध्ये तोट्यात होते. वायद्याच्या व्यवहारांचे चित्र त्याहून भीषण आहे: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. या व्यक्तींपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिकांचे घोषित वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत, आणि ७२ टक्के माणसे सर्वांत मोठ्या तीस शहरांबाहेरची. म्हणजे मुंबईच्या दलालांची मुले नव्हेत. छोट्या गावांतील कारकून, शिक्षक, दुकानदार, कामगार. मग जिंकले कोण? २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या पैशावर सट्टा करणाऱ्या दलाली संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी खर्चापूर्वीचा नफा कमावला, आणि तो जवळजवळ सगळा संगणकाच्या आज्ञावलीने. गन कॅरेज फॅक्टरीतील फिटर पाळी संपवून ज्या खेळात उतरतो, त्यात समोर असे यंत्र बसलेले असते.

एंगल्सचे शेअर

येथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो पक्षाच्या वर्तुळातच अधिक येतो. एंगल्सकडेही शेअर होते. १८९५ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेत रोख्यांचा व शेअरांचा मोठा वाटा होता, आणि शेअर बाळगण्यात समाजवाद्याने लाजण्यासारखे काही नाही असेच त्याचे मत होते. मग आजच्या सभासदाला दोष का?

आक्षेप खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. परंतु एंगल्सने त्याच वेळी जे स्पष्ट केले होते ते विसरले जाते. शेअरबाजारात नवे मूल्य निर्माण होत नाही. कामगारांकडून आधीच हिरावून घेतलेल्या वरकड मूल्याची मालकवर्गातील मंडळी आपसांत फेरवाटणी करतात, असे त्याचे विश्लेषण होते. त्याच्या काळी ते अक्षरशः खरे होते. एंगल्स गिरणीमालकाचा मुलगा व भागीदार. त्याच्या हातून गेलेला पैसा मालकवर्गाच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जात असे, आणि त्याच्या बाबतीत तर तो मार्क्सच्या घरी व चळवळीकडे जात असे. आजचा बदल याच ठिकाणी आहे. फेरवाटणीच्या त्या टेबलावर आता कामगाराची मजुरी, त्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि त्याचे निवृत्तिवेतन आणून ठेवले गेले आहे. वरकड मूल्य कारखान्यात एकदा काढून घेतल्यावर जे मजुरी म्हणून हातात उरले, तेही दुसऱ्यांदा काढून घेण्याची ही सोय. एंगल्सच्या शेअरांचा दाखला देणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतला तर पुष्कळ वाद मिटेल.

आणखी एक फसवी कल्पना अशी की कामगाराकडे औषध कंपनीचे दहा शेअर असले तर त्याला त्या कंपनीच्या नफ्यात वाटा मिळतो. २०१७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधलेपित स्टेंटची सरासरी किंमत एक लाख एकवीस हजारांवरून एकदम २९ हजार ६०० वर आली. कंपन्यांनी आकांत केला. ॲबट व मेडट्रॉनिक यांनी आपले काही स्टेंट बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली. त्या दिवशी दहा शेअरांचा मालक म्हणून कामगाराचे हित भाव चढण्यात, आणि ज्याच्या बापाला स्टेंट बसवायचा आहे त्या मुलाचे हित भाव उतरण्यात! एकाच माणसाला त्याच्या स्वतःच्याच रोगाविरुद्ध उभे करणारी ही भागीदारी आहे. दहा शेअरांचा लाभांश एका स्टेंटच्या किमतीतील फरकापुढे किती क्षुल्लक, हे कोणत्याही कामगाराला कागदावर मांडून दाखवता येते, आणि मांडून दाखवलेच पाहिजे. ती मर्यादा कोणा भागधारकांच्या सभेने घातली नव्हती. न्यायालयातील जनहित याचिका, आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांचा रेटा आणि किंमत नियंत्रणाचा कायदा यांच्या जोरावर ती आली.

जबलपूरला हे समजावणे कठीण जाऊ नये. मध्य प्रदेशातील पहिले चार करोनारुग्ण २० मार्च २०२० रोजी याच शहरात सापडले. मंडला, डिंडोरी, सिवनी, बालाघाट येथील रुग्ण तेव्हाही आले ते १९५५ साली सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात. कोणत्याही बाजारप्रिय रुग्णालय कंपनीने त्यांच्यासाठी दार उघडले नाही. त्याच वर्षी आयुध निर्माणी मंडळाने देशभरातील आपल्या दहा कारखाना रुग्णालयांत २८० खाटा विलगीकरणासाठी देऊ केल्या आणि त्यांत जबलपूरची रुग्णालयेही होती. कामगारांच्या वर्गणीतून व सरकारी खर्चातून उभ्या राहिलेल्या या खाटांचा भाव कोणत्याही बाजारात लागत नव्हता, म्हणूनच त्या तेथे होत्या. दीड वर्षात ते मंडळच मोडले गेले. दुसरीकडे शहरातील खासगी धंदा कसा चालला ते १ ऑगस्ट २०२२ च्या आगीत दिसले: एका खासगी रुग्णालयात आठ माणसे मेली आणि अग्निसुरक्षेची परवानगी कधीच संपलेली होती.

संरक्षण कामगारांच्या संघटनांनी जुन्या निवृत्तिवेतनाची मागणी सोडलेली नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेली ‘एकीकृत’ योजना ही त्या दबावाखाली सरकारने घेतलेली अर्धी माघार आहे. कर्मचाऱ्याच्या पगारातील दहा टक्के कपात व बाजारातील गुंतवणूक तिच्यातही कायम आहे. या लढ्याला आरोग्याची मागणी जोडण्याची वेळ आली आहे. कामगार वस्त्यांत सेबीचे आकडे मराठीत व हिंदीत छापून वाटता येतील, आणि तरुण कामगारांशी बसून एकेका कंपनीचा ताळेबंद वाचता येईल. उपदेशापेक्षा ताळेबंद अधिक परिणाम करतो असा अनुभव आहे. कारखाना रुग्णालये नव्या कंपन्यांच्या ‘अनावश्यक खर्चा’च्या यादीत जाऊ नयेत यासाठी आताच उभे राहावे लागेल. खमरियाच्या आणि वाहन कारखान्याच्या रुग्णालयांत आज प्राणवायूची काय व्यवस्था आहे, किती खाटा चालू आहेत, किती डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत आणि पुढील वर्षी त्यांचा खर्च कोणत्या खात्यातून होणार आहे, हे प्रश्न पुढच्या द्वारसभेत ठराव करून व्यवस्थापनाला लेखी विचारले गेले पाहिजेत.